खैरडोहची डाळ मिल बोरटेकला

"पांढरीपांडेजी, या जागेवर मी एक खिळा ठोकायलासुद्धा कर्ज देऊ शकत नाही," असं म्हणून सोनी साहेबांनी फाइल माझ्याकडे परत सरकवली.

सोनी साहेब सावनेर तालुक्यातल्या एका बँक शाखेचे मॅनेजर. मूळचे छिंदवाड्याचे. मराठी चांगलं बोलायचे, पण महत्त्वाचं वाक्य हिंदीत बोलायची त्यांना सवय होती. त्यामुळे पुढचं वाक्य हिंदीत आलं तेव्हाच मला कळलं की आता मामला कठीण आहे.

"उधर खदान आ रही है."

माझ्या बाजूच्या खुर्चीवर शोभाताई ढोबळे बसल्या होत्या. खैरडोह गावच्या महिला बचत गटाच्या अध्यक्ष. त्यांनी मान हलवली. त्यांच्यासाठी ही बातमी नवी नव्हती. दोन-तीन दिवसांपूर्वी खाणीचे सर्व्हेवाले येऊन त्यांच्या शेतात लाल झेंड्या लावून गेले होते. ज्या तुकड्यावर डाळ मिलची शेड उभी राहणार होती, त्याच्या अगदी मधून ती झेंड्यांची रांग गेली होती.

"कधी येणार आहे खाण?" मी विचारलं.

"ते कोणालाच माहीत नाही. पुढच्या वर्षी येईल, दहा वर्षांनी येईल, नाहीही येणार. पण जमीन संपादनात जाणार असं दिसत असताना मी तिथे बांधकामाला पैसा दिला, तर माझा ऑडिटर मला सोडेल का? तुम्ही स्वतः बँकेत होतात. तुम्हीच सांगा."

त्यांच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं.

माझी ओळख करून देतो. मी एका बँकेत शेतीकर्जाचा अधिकारी म्हणून आयुष्यभर नोकरी केली. रिटायर झाल्यावर घरी बसून कंटाळलो, आणि सरकारच्या एका योजनेत जिल्हा संसाधन व्यक्ती म्हणून काम घेतलं. नाव भारदस्त आहे. काम असं की, गावात कोणाला डाळ मिल, मसाल्याची चक्की, लोणच्याचं युनिट असं काही टाकायचं असेल तर त्याला प्रोजेक्ट तयार करून द्यायचा, बँकेत न्यायचं, मंजुरी मिळवायची आणि युनिट सुरू होईपर्यंत मागे लागायचं. म्हणजे पूर्वी मी काउंटरच्या आत बसून ज्या लोकांना "उद्या या" म्हणायचो, त्यांच्याबरोबर आता बाहेरच्या बाकड्यावर बसतो.

लोकांना वाटतं सरकार अनुदान देतं म्हणजे हातात पैसे ठेवतं. तसं नसतं. ही योजना कर्जाशी बांधलेली असते. आधी बँकेने कर्ज द्यायचं, मग सरकारचा वाटा त्याच कर्जखात्याच्या बाजूला जमा होतो, आणि युनिट काही वर्षं नीट चाललं की तो कर्जातून वळता होतो. बँकेने नाही म्हटलं की अनुदानाचं पत्र फ्रेम करून भिंतीवर लावायच्या कामाचं उरतं. शोभाताईंच्या हातात नेमकं तसंच एक पत्र होतं. मंजुरीची मुदत मार्चअखेरपर्यंत होती आणि मार्च सुरू झाला होता.

बँकेतून बाहेर पडलो. समोरच्या टपरीवर मी दोन चहा सांगितले. शोभाताईंनी ग्लास हातात घेतला. मग म्हणाल्या, "साहेब, मशीनची ऑर्डर आपण कॅन्सल तर नाही ना केली?"

"नाही. अजून नाही."

"मंग नका करू."

या बाईंनी ही मंजुरी कशी मिळवली होती, ते सांगायला हवं. त्या भागात तूर भरपूर होते. हिवाळा संपता संपता तूर घरात येते, व्यापारी गाडी घेऊन दारात येतो, अख्खी तूर उचलून नेतो, आणि महिन्याभराने तेच शेतकरी सावनेरच्या दुकानातून डाळ विकत आणतात. शोभाताईंना याचा राग होता. त्यांनी गटाच्या बायकांना घेऊन जात्यावर डाळ करून विकायला सुरुवात केली. डाळ चांगली होती, पण जात्याचा जमाना नाही. एका बाईने दिवसभर जातं ओढून जेवढी डाळ निघते, तेवढी मिल बोलता बोलता काढते.

म्हणून त्यांनी सामायिक सुविधा केंद्रासाठी अर्ज केला. सामायिक सुविधा केंद्र म्हणजे एका ठिकाणी बसवलेली अशी यंत्रणा, जिथे गटाचा माल तर होतोच, शिवाय आसपासचा कोणताही शेतकरी आपली तूर आणून, भाडं देऊन, आपली डाळ घेऊन जाऊ शकतो. खडे काढायचं मशीन, डाळ मिल, चाळणी, पॅकिंग, सगळं एका छपराखाली.

अशा अर्जात एक प्रश्न असतो. माल कोण घेणार? बहुतेक लोक तिथे "स्थानिक बाजारपेठ" असं लिहून मोकळे होतात. शोभाताई नागपूरला हुडकेश्वरच्या पुढे असलेल्या एका कॉलेजच्या होस्टेलवर गेल्या. माझं घर हुडकेश्वरलाच आहे, म्हणून तो पत्ता मीच सुचवला होता. मेसचा सुपरवायझर म्हणाला, सॅम्पल ठेवून जा, बघू. शोभाताई म्हणाल्या, "ठेवून नाही जात. तुमच्याच गंजात, तुमच्याच महाराजाच्या हातानं शिजवा. मी बाहेर बसते." आणि खरंच बाहेर पायरीवर बसून राहिल्या. डाळ लवकर शिजली. पोरांनी त्या दिवशी वरण पुन्हा मागून घेतलं. सुपरवायझरने लेटरहेडवर लिहून दिलं की माल नियमित मिळणार असेल तर आम्ही घेऊ. जिल्हा समितीत त्या प्रकल्पाला सगळ्यांत जास्त गुण मिळाले, ते त्या वरणामुळे असं मला आजही वाटतं.

तर टपरीवर मी त्यांना माझा उपाय सांगितला. "ताई, सावनेरला भाड्याने शेड मिळेल. रोडवर. लाइट आहे, पाणी आहे. सोनी साहेब लगेच हो म्हणतील. मुदतीत काम होऊन जाईल."

"अन् बायका कशा येतील रोज?"

"ऑपरेटर ठेवता येईल."

"अन् शेतकरी?"

त्यांचं बरोबर होतं. दोन-चार पोती तुरीसाठी कोणी सावनेरपर्यंत गाडी करत नाही. केली तर ती गाडी व्यापाऱ्याच्या दुकानासमोरच थांबते.

"मशीन सावनेरले गेली तर ती सावनेरची झाली जी," शोभाताई म्हणाल्या. "आपल्या भागातच पाहिजे. खाणीच्या झेंड्या बोरटेकच्या नाल्यापाशी संपते. नाल्याच्या पलीकडे निर्मलाच्या सासऱ्याची जिनिंगची शेड आहे. बंद पडली, पण पक्की आहे. थ्री फेज लाइन आहे."

निर्मला म्हणजे निर्मलाताई राऊत. बोरटेकच्या गटाच्या अध्यक्ष. त्या तालुक्यात ज्या बाईकडे शोभाताई जाणार नाहीत असं मी पैजेवर सांगितलं असतं, ती हीच.

दोन्ही गावांचा गट पूर्वी एकच होता. नागपूरच्या एका प्रदर्शनात त्यांचा स्टॉल लागला होता. एका गिऱ्हाइकाने डाळीचं पाकीट परत आणलं, आत खडे निघाले म्हणून. स्टॉलवर गर्दी होती. निर्मलाताई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हे खैरडोहचं पाकीट आहे, आमचं नाही." शोभाताई बाजूलाच उभ्या होत्या. संध्याकाळी दोघी एकाच गाडीने परत आल्या आणि त्यानंतर बोलल्या नाहीत. गट फुटला. पुढे सामायिक केंद्रासाठी दोन्ही गावांनी वेगवेगळे अर्ज केले. खैरडोहला मिळालं, बोरटेकला नाही. निर्मलाताईंनी निवडीविरुद्ध तक्रार केली. सुनावणी झाली, तक्रार फेटाळली गेली. त्या सुनावणीत मी योजनेच्या बाजूने बोललो होतो, त्यामुळे निर्मलाताईंचा माझ्यावरही काही फार लोभ नव्हता.

"ताई, त्या जागा देतील असं वाटतं तुम्हाला?"

"मले काही वाटत नाही. विचारून तर पाहू."

"काय म्हणून विचारणार?"

"आता चाला तर खरं. रस्त्यात सुचन."

माझ्या जुन्या गाडीतून आम्ही बोरटेकला गेलो. निर्मलाताई अंगणात सुपाने हरभरा पाखडत होत्या. आम्हाला पाहून त्यांचं सूप थांबलं नाही. आधी त्यांनी मला पाहिलं, मग शोभाताईंना. सुपातला हरभरा पोत्यात ओतला आणि मगच उठल्या.

"या साहेब. बसा." मग शोभाताईंकडे न बघता, "तू काहून उभी आहे वं? बस."

शोभाताई बसल्या. पाणी आलं. प्यायल्या. मी प्रस्तावना करायला तोंड उघडलं, पण शोभाताईंनीच सुरुवात केली.

"आमच्या जागेवर खाण येऊन राहिली. बँक लोन नाही देत म्हणते."

"ऐकलं मी."

"तुमची जिनिंगची शेड पाहिजे होती."

निर्मलाताई थोडं हसल्या. ते हसणं काही गोड नव्हतं. "शेड आमची, अन् मिल तुमची. बोर्डावर नाव खैरडोहचं. आमच्या बायका काय करतीन, झाडू मारतीन?"

"नाव बोरटेकचं लाव. अध्यक्ष तू हो."

सूप हातात घेऊन निर्मलाताई तशाच थांबल्या. मीसुद्धा थांबलो. हे रस्त्यात ठरलं नव्हतं. निदान मला सांगितलं नव्हतं. केंद्राचं अध्यक्षपद म्हणजे निव्वळ खुर्ची नसते. सह्या, कामावर कोण असावं, कोणाचा माल घ्यावा, सगळं त्यात येतं. ज्या कामासाठी ही बाई कितीतरी महिने नागपूरला सदरमधल्या ऑफिसात, तालुक्याला, बँकेत खेटे घालत होती, ते ती एका वाक्यात देऊन टाकत होती.

"काहून?" निर्मलाताईंनी विचारलं.

"आमचं गाव राहते का जाते, मले नाही माहीत. उद्या आमाले उठवून कुठंबी नेऊन टाकतीन. मिल तरी इथं राहिली पाहिजे. परत पाठवली तर ती ह्या भागात पुन्हा येत नाही."

"अन् तुले काय पाहिजे?"

"दोन गोष्टी. आमच्या गावची तूर मागं ठेवायची नाही, नंबर येईन तसा माल घ्यायचा. अन् आमच्या बायकाईले काम. गाव कुठंबी गेलं तरी."

"बस?"

"बस."

निर्मलाताईंनी सूप भिंतीला टेकवून ठेवलं. मग म्हणाल्या, "शेड माझी नाही, सासऱ्यामागं सासूबाईच्या नावावर आहे. बायकाईले विचारा लागते. उद्या सांगतो."

गाडीत बसल्यावर मी शोभाताईंना म्हटलं, "अध्यक्षपदाचं तुम्ही गटाला विचारलं होतं का?"

"नाही जी. आता जाऊन विचारते."

"आणि त्या नाही म्हणाल्या तर?"

"चिडतीन. पण नाही नाही म्हणणार. झेंड्या त्यांच्याबी वावरात लागल्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी निर्मलाताईंचा फोन आला. मला, शोभाताईंना नाही. "साहेब, शेड देतो. अध्यक्ष मी होतो. पण बँकेत सही दोघींची लागली पाहिजे, माझी अन् शोभाची."

"का? त्या तर पद सोडताहेत."

"म्हणूनच जी. मी अध्यक्ष झाली तर खैरडोहच्या बायका म्हणतीन, हिनं मिल गिळली. अन् आमच्या बायका म्हणतीन, आता आपलंच राज्य. दोघींची सही असली का दोन्हीकडचे तोंडं बंद. अन् हिशोब शोभा माझ्यापेक्षा बरा ठेवते. तिले सांगू नका मी असं म्हणलं म्हणून."

मी सांगितलं नाही. आता इथे लिहितोय, त्याला त्यांची परवानगी आहे.

आता कागदाची लढाई राहिली. मंजुरी एका गटाच्या नावाने, एका जागेसाठी होती. आता जागा दुसरी, चालवणारे दोन गट. माझ्या बँकेच्या अनुभवाप्रमाणे अशा वेळी साहेब लोक सगळ्यांत सुरक्षित गोष्ट करतात. म्हणजे "नव्याने अर्ज करा" म्हणतात. नव्याने अर्ज म्हणजे नवं वर्ष, नवी समिती आणि निधी असेल तर असेल.

योजना बघणाऱ्या अधिकारी वासनिक मॅडम होत्या. नेमणूक होऊन फार काळ झाला नव्हता. मी त्यांच्यासमोर सगळी हकीकत मांडली. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. मग विचारलं, "या दोघी खरंच एकत्र काम करतील? की मार्च संपेपर्यंतच?"

"मॅडम, खरं सांगायचं तर मला माहीत नाही."

"ठीक आहे. मग मी बघून येते."

त्यांनी आम्हाला बोलावून घेतलं नाही, स्वतः बोरटेकला आल्या. मी आधी कळवलं नव्हतं. त्यांनीच कळवू नका म्हणून सांगितलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा जिनिंगच्या शेडमध्ये धुळीचा लोट उठला होता. दोन्ही गावांच्या बायका पदर तोंडाला बांधून जुना कापसाचा कचरा उपसत होत्या. कर्ज मंजूर नव्हतं, जागाबदल मंजूर नव्हता, आणि यांनी शेड झाडायला घेतली होती. शोभाताई एका टोकाला आणि निर्मलाताई दुसऱ्या टोकाला होत्या. दोघी एकमेकींशी फार बोलत नव्हत्या. पण एका टोकाकडून निघालेला कचरा दुसऱ्या टोकाच्या टोपल्यात बिनबोभाट पडत होता.

मॅडमनी शेड फिरून पाहिली. छप्पर, लाइन, पाण्याची टाकी, वाळवणासाठी अंगण. तुरीची डाळ करायची तर तुरीला तेल-पाणी लावून उन्हात वाळवावं लागतं, तेव्हा कुठे टरफल सुटतं. त्यामुळे मिलला शेडइतकंच अंगण लागतं. जिनिंगचं अंगण म्हणजे कापसाच्या गाड्या उभ्या राहायची जागा. खैरडोहच्या जागेच्या कितीतरी पट मोठं.

"जागा पहिलीपेक्षा चांगली आहे," मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या. "हे मी लिहून देऊ शकते. आणि नियमात 'गट किंवा गटांचा संघ' असं दोन्ही आहे. संघ करा. पण पांढरीपांडे साहेब, समितीत मला प्रश्न विचारतील. तक्रार करणारीच बाई अध्यक्ष कशी, म्हणून. तेव्हा उत्तर तुम्ही देऊ नका. त्यांनाच देऊ द्या."

समितीची बैठक नागपूरला झाली. लांबलचक टेबल, एका बाजूला अधिकारी, बँकेचे लोक, दुसऱ्या बाजूला आम्ही. मॅडमनी जागेचा अहवाल वाचला. अपेक्षेप्रमाणे एका सदस्यांनी चष्मा काढला.

"राऊत ताई, याच प्रकल्पाविरुद्ध तुम्ही तक्रार केली होती ना?"

"हो जी."

"का केली होती?"

"तवा वाटलं होतं का आमचं काम यायच्यापेक्षा चांगलं आहे."

"आणि आता?"

"आताबी वाटते."

टेबलावर हशा झाला. ते सदस्यही हसले. मग त्यांनी शोभाताईंना विचारलं, "तुम्ही मिळालेलं केंद्र यांना का देताय?"

शोभाताई उभ्या राहिल्या. त्यांना बसून बोला म्हटलं तरी उभ्याच राहिल्या. "देत नाही साहेब. जागा बदलून राहिलो. तूर तीच आहे, बायका त्याच आहेत. यायले मी चांगली ओळखते. रागीट आहे. पण हाती घेतलेलं काम सोडून नाही देत."

निर्मलाताईंनी तेव्हा मान खाली घातली होती. मी बाजूला बसलो होतो म्हणून मला दिसलं. त्या पदराच्या टोकाला गाठ मारत होत्या आणि सोडत होत्या.

ठराव झाला. वासनिक मॅडमनी त्यावर आपल्या नावाने शिफारस लिहिली होती. सरकारी नोकरीत शिफारस लिहिणं म्हणजे उद्या काही बिघडलं तर पहिलं नाव आपलं. मी बँकेत असताना असं लिहायची वेळ आली की पेन आपोआप जड व्हायचं. या बाईंनी स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि खाली तारीख घातली.

सोनी साहेबांनीही मग अडवलं नाही. भाडेपट्टा करायला निर्मलाताईंच्या सासूबाई आल्या होत्या. वय झालेलं, कानाने कमी ऐकू यायचं. सोनी साहेबांनी त्यांना विचारलं, "माँजी, शेड आप अपनी मर्जी से दे रही हैं ना?" म्हातारीने एवढंच सांगितलं की शेड रिकामी पाहून तिला घरात करमत नाही, आता चार बायकांचा आवाज तरी येईल. सोनी साहेबांनी त्याच आठवड्यात कर्ज मंजूर केलं. मुदतीच्या आत.

मशीन बसायला उन्हाळा लागला. कंपनीचा माणूस आला, सगळं फिट केलं, आणि पहिल्या दिवशी चालू करायच्या वेळी त्याने सहज विचारलं, "पहिलं पोतं कोणाचं टाकू?"

खैरडोहच्या बायका एकीकडे उभ्या होत्या, बोरटेकच्या दुसरीकडे. दोन्हीकडे पोती तयार होती. दोन्ही पोत्यांना कुंकू लावलेलं होतं. मी मनात म्हटलं, झालं, आता इथेच पेटणार.

निर्मलाताईंनी शोभाताईंकडे पाहिलं. शोभाताई म्हणाल्या, "नंबर येईन तसं ठरलं ना? बाहेर पाहा कोण आहे."

बाहेर बैलगाडी घेऊन एक शेतकरी उभा होता. ना खैरडोहचा, ना बोरटेकचा. तिसऱ्याच गावचा. मिल सुरू होणार असं ऐकून, तुरीला घरीच तेल-पाणी लावून, वाळवून सकाळीच येऊन बसला होता. त्याला या दोन गावांच्या भांडणाचा पत्ताही नव्हता. त्याचं पोतं आत आलं, मशीन चालू झालं, आणि तोंडातून पिवळी डाळ पडायला लागली. त्याने ओंजळीत घेतली, वास घेतला आणि म्हणाला, "हे माझीच तूर होय का जी?" मग दोन्हीकडच्या बायका एकदम हसल्या.

प्रदर्शनातल्या त्या खड्यांबद्दल कोणी कोणाची माफी मागितली का, ते मला माहीत नाही. माझ्यासमोर तरी नाही मागितली. पण खडे काढायच्या मशीनसमोर निर्मलाताई स्वतः उभ्या राहतात. दुसऱ्या कोणाला तिथे उभं राहू देत नाहीत.

पहिली गाडी हुडकेश्वरच्या होस्टेलला गेली तेव्हा दोघी सोबत गेल्या. शोभाताई पुढे, ड्रायव्हरच्या बाजूला. निर्मलाताई मागे पोत्यांवर, कारण त्यांना पोती बांधणाऱ्यावर भरवसा नव्हता. मेसचा सुपरवायझर म्हणाला, "आता शिजवून दाखवणार का?" शोभाताई म्हणाल्या, "नाही. आता तुमी नेहमीचे."

आज केंद्र सुरळीत चालू आहे. आसपासच्या बऱ्याच गावांची तूर तिथे येते, आणि व्यापाऱ्याच्या गाडीला भाव सांगण्याआधी शेतकरी निर्मलाताईंना फोन करून विचारतात. खैरडोहची काही जमीन खाणीत गेली, त्यात शोभाताईंचं ते शेतही गेलं. गाव अजून जागेवर आहे. उठणार म्हणतात, कधी ते कोणी सांगत नाही. शोभाताई रोज सकाळी दोन-तीन बायकांना घेऊन नाला ओलांडून बोरटेकला येतात. मिलमध्ये त्यांच्याकडे कुठलंही पद नाही. बँकेत मात्र त्यांच्या सहीशिवाय एकही चेक वटत नाही.

वासनिक मॅडमची बदली झाली. जाताना त्यांनी मला विचारलं की या केसमधून पुढच्या अधिकाऱ्यासाठी काही लिहून ठेवण्यासारखं आहे का. मी बरंच काही लिहिलं: भाडेपट्टा, संघाची नोंदणी, जागाबदलाचा ठराव. खरं शिकलो ते त्यात लिहिलं नाही, कारण त्यासाठी रकाना नव्हता.

हल्ली मी नव्या गावात जातो तेव्हा जमिनीचा सातबारा नंतर पाहतो. आधी गटाच्या अध्यक्षांना विचारतो, "ताई, या भागात तुमचं कोणाशी पटत नाही?" बहुतेक जणी आधी रागावतात, मग नाव सांगतात. मी म्हणतो, चला, एकदा त्यांच्याकडे चहा घेऊन येऊ.